एका वाक्याची परीक्षा

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना इंग्रजीची जी परीक्षा होते, ती आपल्याकडच्या आठवीतल्या पोरालाही जड जाऊ नये. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. त्यासाठीच्या शब्दांची यादी सरकारच छापून देतं: वॉशिंग्टन, लिंकन, अलास्का, डेलावेअर. बोलता येतं की नाही, हे अधिकारी अर्जावरचेच प्रश्न विचारता विचारता पारखतो. एवढ्याशा परीक्षेचं कुळ शोधायला गेलं की मात्र ते फारसं सोज्वळ निघत नाही.

1790च्या पहिल्या कायद्यात भाषेचा उल्लेखच नाही. अट होती ती रंगाची. अर्जदार गोरा आणि स्वतंत्र हवा, दोन वर्षं देशात राहिलेला हवा, वर्तणूक चांगली हवी. पेनसिल्व्हेनियात जर्मन बोलणारी गावंच्या गावं होती, त्याचं कायद्याला काही वाटलं नाही. 1897 साली टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत रिकार्डो रॉड्रिगेझ या मेक्सिकन माणसाचा अर्ज न्यायालयापुढे होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण वकिलांनी कीस पाडला तो त्याच्या वंशाचा, आणि अर्ज मंजूर झाला.

नागरिकत्व देण्याचं काम तेव्हा ठिकठिकाणची न्यायालयं करत. निवडणूक जवळ आली की न्यू यॉर्कसारख्या शहरात नागरिक घाऊक भावात तयार होत. ही बजबजपुरी मोडायला 1906चा कायदा आला आणि त्याच्यासोबत इंग्रजी बोलण्याची अटही आली. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोंढे तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते, हेही विसरू नये. गंमत म्हणजे सरकारी पडीक जमीन कसायला घेणाऱ्याला ही अट माफ होती. शेताला माणूस हवा होता, तिथे भाषा आड आली नाही.

आपल्या लोकांचा अनुभव याच्या अगदी उलट. भगतसिंग थिंड उत्तम इंग्रजी जाणणारे, अमेरिकी सैन्यात राहिलेले. 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत असं ठरवलं. त्यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित 1914 पासून अमेरिकी नागरिक होते. सरकारने मग त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला दावा लावला. पंडित तो लढले आणि 1926 साली अपिलात जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा कायद्याने उघडला तो 1946 साली.

पुढचं वळण 1950चं. कम्युनिस्टांच्या धास्तीतून अंतर्गत सुरक्षेचा कायदा झाला आणि त्यात बोलण्याच्या जोडीला वाचणं-लिहिणं आलं. इंग्रजी लिहिता येण्याचा हेरगिरीशी काय संबंध, असं आज कुणी विचारेल. पण अट टिकली. 1952च्या कायद्याने वंशाची अट पुसली आणि भाषेची तशीच पुढे नेली. माझ्या मते हा सगळा प्रवास संशयाचाच आहे. भाषा शिकवण्याची कळकळ त्यात फार उशिरा आणि फार थोडी दिसते. इंग्रजीला अधिकृत भाषा म्हणून जाहीर करणारा आदेशसुद्धा निघाला तो थेट मार्च 2025मध्ये.

मधल्या काळात सवलती मात्र वाढल्या. वय 50 आणि ग्रीन कार्डावर 20 वर्षं वास्तव्य, किंवा 1990 नंतर वय 55 आणि 15 वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ. नागरिकशास्त्राची वेगळी तोंडी परीक्षा द्यावीच लागते, पण ती दुभाषा सोबत नेऊन मराठीतही देता येते. साठीनंतर मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना मात्र ही सवलत पंचाहत्तरीच्या पुढेच मिळते. आजारपणामुळे शिकणंच शक्य नसेल, तर डॉक्टरांनी भरून द्यायचा वेगळा फॉर्म आहे. तेव्हा आईचा अर्ज भरण्याआधी तिच्या ग्रीन कार्डावरची तारीख नीट पाहून घ्या.