सत्तावनची तार आणि हरकारे

दिल्लीत काश्मिरी दरवाज्याजवळ तारखात्याने १९०२ साली उभारलेला एक दगडी स्तंभ आहे. ११ मे १८५७ रोजी अंबाल्याला बंडाची बातमी कळवणाऱ्या तारवाल्यांची नावे त्यावर कोरली आहेत, आणि विजेच्या तारेने हिंदुस्थान वाचवला, हा पंजाबातल्या रॉबर्ट माँटगोमेरी या अधिकाऱ्याचा निर्वाळाही. हे मत पुढे दोन्ही बाजूंना सोयीचे ठरले. इंग्रज लेखकांनी ते आपल्या विज्ञानाची फुशारकी म्हणून वापरले. आपल्याकडच्या लेखकांनी पराभवाचे सांत्वन म्हणून ते स्वीकारले. शत्रूकडे यंत्र होते, आपल्याकडे नव्हते, एवढे म्हटले की बाकीचे अवघड प्रश्न विचारावे लागत नाहीत. पण १८५७ ते १८५९ या दोन वर्षांतला बातम्यांचा प्रवास नीट पाहिला तर चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसते. तारेने एका प्रांतात, मोजक्या दिवसांपुरते, निर्णायक काम केले. उरलेल्या बहुतेक लढाईत इंग्रज मराठ्यांच्या आणि मोगलांच्या काळापासून चालत आलेल्या हरकाऱ्यांवरच विसंबून होते. तारेचा खरा टिकाऊ परिणाम आणखी वेगळा होता: युद्धाचे निर्णय कोणी घ्यायचे, हेच तिने बदलून टाकले.

ही तार आली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. विल्यम ओशॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात त्याने तारेचे प्रयोग केले आणि ते दहा-बारा वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीच्या पाठिंब्याने कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार झाली. १८५२ मध्ये रंगून पडल्याची बातमी घेऊन आलेले जहाज कलकत्त्याला पोचण्याआधीच ती बातमी या तारेने गव्हर्नर जनरलपर्यंत गेली. एका युद्धवार्तेने खात्याचे भवितव्य ठरवले. १८५३ च्या अखेरीस काम सुरू झाले, मार्च १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा हा आठशे मैलांचा टप्पा बोलू लागला, आणि दोनेक वर्षांत मुंबई, मद्रास, पेशावर ही ठिकाणे एका जाळ्यात आली. माकडे, वादळे आणि ओझ्याच्या बैलगाड्या यांना पुरून उरावी म्हणून ओशॉनेसीने सुरुवातीला तारेऐवजी जाड लोखंडी सळईच वापरली होती. बांबू आणि ताडाचे खांबही चालवून घेतले. शिवचंद्र नंदी या बंगाली साहाय्यकाने नदीपात्रातून तार नेण्याची कामे केली. हे सारे व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी, असे सांगितले जाई. पण कोणती शहरे आधी जोडली गेली हे पाहिले की छावण्यांचा नकाशाच समोर येतो.

आता मे महिन्यातले ते तीन दिवस. १० मेच्या संध्याकाळी मेरठला शिपाई उठले. तिथल्या पोस्टमास्तरच्या बहिणीने आग्र्यातल्या एका नातलग बाईला, इकडे येऊ नकोस, अशी खासगी तार केली आणि लगेच तार तुटली. वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांना बंडाची पहिली कुणकुण लागली ती अशा घरगुती निरोपातून, सेनापतीच्या खलित्यातून नव्हे. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या तारघराचा प्रमुख टॉड तार कुठे तुटली ते पाहायला बाहेर पडला आणि मारला गेला. मागे राहिलेल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या तरुण तारवाल्यांनी अंबाल्याला शेवटचे निरोप पाठवले. अंबाल्याहून सिमल्याला तार नव्हती. सरसेनापती अॅन्सन तिथे होते, म्हणून जनरल बर्नार्डचा मुलगा घोड्यावरून निरोप घेऊन गेला. लाहोरला मात्र बातमी तारेने थेट पोचली. १२ मेच्या रात्री ठरलेला नाच रद्द केला तर संशय येईल म्हणून तो होऊ दिला गेला, आणि १३ मेच्या सकाळी तिथल्या मियाँमीर छावणीच्या कवायतीच्या मैदानावर तीन देशी पायदळ पलटणी आणि एक रिसाला यांना भरलेल्या तोफांसमोर हत्यारे खाली ठेवावी लागली. त्यांच्यासमोरचे गोरे सैनिक संख्येने खूपच कमी होते.

यावर असे म्हणता येईल की ही बातमी टपालानेही दोन-तीन दिवसांत पोचलीच असती, मग तारेचे एवढे काय? आक्षेप वाजवी आहे, पण त्यातच उत्तर आहे. टपालाने आली असती तर ती साहेबांच्या बंगल्यात आणि शिपायांच्या बराकीत साधारण एकाच वेळी आली असती. पलटणींचे आपसांतले पत्रव्यवहार, सुट्टीवरून परतणारे शिपाई, बाजारातले व्यापारी यांचे स्वतःचे जाळे होते आणि ते मंद नव्हते. त्या वर्षीच्या सुरुवातीला गावोगाव फिरलेल्या चपात्या कोणी आणि का धाडल्या हे जिल्हाधिकाऱ्यांना कळलेही नाही, पण त्या फिरल्या हे सर्वांनी पाहिले. तारेने मिळवून दिली ती दोन दिवसांची आघाडी, म्हणजे एका बाजूला माहीत आहे आणि दुसऱ्या बाजूला अजून नाही अशी अवस्था. पंजाब सरकारने मग शिपायांची पत्रे फोडून पाहायला सुरुवात करून ही आघाडी लांबवली. वेगाला स्वतःची किंमत नसते. शत्रूच्या वेगाशी तुलना केली तरच ती ठरते. पेशावरला एडवर्ड्‌स आणि निकल्सन या अधिकाऱ्यांनीही हीच आघाडी वापरली आणि २२ मे रोजी तिथल्या पलटणी निःशस्त्र केल्या.

पण त्याच तारेवर, त्याच पंजाबात, जालंदरही होते. तिथल्या अधिकाऱ्यांना सारे ठाऊक होते, लाहोरहून सल्लेही मिळत होते, तरी त्यांनी चालढकल केली आणि ७ जूनच्या रात्री पलटणी उठून दिल्लीच्या वाटेला लागल्या. बातमी सारखी, यंत्र सारखे, निकाल उलटा. अॅन्सनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. दिल्लीवर ताबडतोब चालून जा, असा तगादा त्याच्यामागे लागला होता; पण त्याच्यापाशी बैलगाड्या नव्हत्या, उंट नव्हते, जखमींसाठी डोल्या नव्हत्या, तंबू नव्हते, वेढ्याच्या तोफा दूर होत्या. आज्ञा काही तासांत पोचते आणि रसद बैलाच्या चालीने येते, ही विसंगती तारेने निर्माण केली नाही, पण उघडी मात्र पाडली. अॅन्सन २७ मे रोजी कर्नाळला पटकीने गेला. इंग्रज फौज दिल्लीच्या टेकडीवर पोचली ८ जूनला आणि वेढ्याच्या जड तोफा आल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला. मधल्या तीन महिन्यांत तारेने शहराची तटबंदी एक वीतही खाली आणली नाही.

त्या टेकडीवर इंग्रजांचे डोळे आणि कान कोण होते? हॉडसन या इंग्रज अधिकाऱ्याचे जासूद आणि त्यांचा सूत्रधार मौलवी रजब अली. शहरातल्या दरबाराची भांडणे, दारूगोळ्याचा साठा, कोणत्या पलटणीचा पगार थकला, हे कागदाच्या चिठोऱ्यांवर रोज बाहेर येत होते. आग्र्याच्या किल्ल्यात विल्यम म्यूर हा अधिकारी हरकाऱ्यांच्या बातम्या जमवून, ताडून, पुढे धाडत होता. अवधमध्ये तर तार जूनपासूनच संपली होती. लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांची पत्रे अंगद नावाचा हरकारा पिसाच्या नळीत लपवून नेई. ती ग्रीक लिपीत लिहिली जात, म्हणजे पकडली गेली तरी वाचता येऊ नयेत. नोव्हेंबरात कॅव्हेना हा कारकून वेष पालटून कनौजीलाल या जासुदाबरोबर नवा सरसेनापती कॅम्पबेल याच्या छावणीत गेला तो वाट दाखवण्यासाठी. मुंबईतही ऑक्टोबर १८५७ मधला कट पोलीसप्रमुख फोर्जेटने उघडकीला आणला तो भिंतीच्या भोकाला कान लावून. जासुदांना जोडीने धाडायचे, म्हणजे एक पकडला गेला तरी दुसरा पोचेल आणि दोघांचे सांगणे ताडून पाहता येईल, ही मराठी राज्याची जुनी रीत होती. कंपनीने हा धंदा मोडला नाही. पगार देऊन आपलासा केला. सत्तावनमध्ये तिला वाचवण्यात या पगारी माणसांचा वाटा तारेपेक्षा मोठा होता, असे मला वाटते. त्यांच्या नावाचा स्तंभ कोणी उभारला नाही.

बंडवाल्यांनी तारा तोडल्या हे त्यांच्या अडाणीपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. तारेचे तुकडे बंदुकीत गोळ्यांसारखे भरले, खांब चुलीत घातले, असे किस्से इंग्रज लेखकांनी चवीने नोंदवले आहेत. यंत्र हाती आले होते तर ते वापरायचे सोडून मोडले का, असा प्रश्न मग विचारला जातो. पण तार ही दोन्ही टोकांना आपली माणसे असतील तरच उपयोगी पडते. दिल्लीचे तारघर ताब्यात आले म्हणून अंबाला, आग्रा किंवा अलाहाबाद काही उत्तर देणार नव्हते. यंत्रावर बसणारे बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन होते. शत्रूचे जाळे आपल्याला वापरता येत नसेल तर ते तोडणे हा शहाणपणाचाच निर्णय होता. आज उपग्रहांच्या संदेशांत अडथळे आणणारे सेनापती हेच करतात आणि त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही. उठावाची खरी उणीव दुसरीकडे होती. दिल्ली, कानपूर, लखनौ, झाशी यांच्यात निरोप जात होते, पण ते घेऊन सर्वांच्या वतीने एक योजना आखणारे केंद्र नव्हते. बखत खान दिल्लीत सेनापती झाला तरी पलटणी आपापल्या सुभेदाराचे ऐकत. अशा फौजेला तार दिली असती तर मतभेद अधिक वेगाने पोचले असते, एवढेच.

१८५८ च्या मार्चमध्ये कॅम्पबेलने लखनौवर दुसऱ्यांदा चाल केली तेव्हा चित्र पालटले होते. पॅट्रिक स्ट्यूअर्ट हा अधिकारी सेनेच्या मागोमाग तार टाकत गेला आणि कॅम्पबेलच्या मुक्कामातून अलाहाबादेत बसलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगशी बोलणे होऊ लागले. युद्ध खऱ्या अर्थाने बदलले ते इथे. कॅम्पबेलला आधी रोहिलखंड जिंकायचे होते. कॅनिंगने राजकीय कारणासाठी आधी अवध, असे ठरवले. नेपाळचे जंगबहादूर सैन्य घेऊन येत होते, त्यांना मान राहावा म्हणून कॅम्पबेलने थांबावे, हीही इच्छा कॅनिंगचीच. गव्हर्नर जनरल सेनापतीला आज्ञा देतो हे नवे नव्हते. मोहीम चालू असताना, रोजच्या रोज, शेकडो मैलांवरून देतो हे नवे होते. याची चुणूक दोन-तीन वर्षांपूर्वी क्रिमियात दिसली होती. १८५५ मध्ये समुद्राखालून बालाक्लाव्हापर्यंत तार गेली आणि पॅरिसहून तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनांचा असा मारा सुरू झाला की फ्रेंच सेनापती कानरोबेर मे महिन्यात पद सोडून मोकळा झाला. दूर बसलेल्या राज्यकर्त्याला अधिक व्यापक चित्र दिसते, म्हणून त्याने निर्णय घ्यावा, हा युक्तिवाद चुकीचा नाही. अवध आधी घेण्यात कॅनिंगचे बहुधा बरोबरच होते. पण व्यापक चित्र दिसणाऱ्याला समोरचा नाला दिसत नाही, आणि तार असली की तो दिसतो असा भ्रम मात्र होतो.

या भ्रमाची परीक्षा येवल्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाने घेतली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर हातचे गेल्यावर तात्या टोपे जवळजवळ दहा महिने राजपुताना, माळवा आणि नर्मदेचा परिसर यांत फिरत राहिला. त्याच्यामागे मिशेल, रॉबर्ट्‌स, पार्क, सॉमरसेट, नेपियर अशा अधिकाऱ्यांच्या तुकड्या होत्या. तात्या कुठे दिसला हे एका तुकडीने दुसरीला कळवायचे आणि तिने त्याला आडवे जायचे, अशी ही योजना. ती पुष्कळदा जमली. तात्याच्या तोफा गेल्या, माणसे गेली. पण तो सापडला नाही. कारण बातमी असे ती कालच्या मुक्कामाची आणि तात्याचे स्वार आज चाळीस मैल पुढे असत. वाटेतली गावे त्याला वाट दाखवत, त्याच्या पाठलागावरच्यांना नाही. ऑक्टोबरअखेर तो नर्मदा उतरला तेव्हा पेशव्यांच्या नावाने दख्खन पेटेल या भीतीने मुंबई सरकारची झोप उडाली. परत फिरताना त्याने मुंबई-आग्रा रस्त्यावरची तारही तोडली. अखेर ७ एप्रिल १८५९ रोजी नरवरच्या मानसिंहाने त्याला झोपेत पकडून दिले आणि १८ एप्रिलला शिवपुरीत फाशी झाली. मानसिंहाला इंग्रजांनी फितवले ते तारेने नव्हे, समोरासमोर बोलून, त्याच्या जहागिरीची आणि जिवाची हमी देऊन.

एवढे असूनही राज्यकर्त्यांनी सत्तावनमधून धडा घेतला तो तारेचाच. मेरठची बातमी लंडनला पोचायला जूनअखेर उजाडली होती आणि ही दिरंगाई त्यांना असह्य वाटली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकखालची पहिली तार थोडे आठवडे चालली. तेवढ्यात तिच्यावरून गेलेल्या मोजक्या सरकारी निरोपांपैकी एक कॅनडातल्या दोन पलटणींना निघू नका असे सांगणारा होता, कारण हिंदुस्थानातले संकट ओसरले होते. त्या एका निरोपाने हजारो पौंड वाचले. तांबड्या समुद्रातली पहिली तार पाण्यात पैसे घालवून बंद पडली. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून आणि १८७० मध्ये सुएझमार्गे मुंबई लंडनला जोडली गेली. आता व्हाइसरॉयला लंडनची आज्ञा काही तासांत मिळू लागली. १८७८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनने व्हाइसरॉय लॉर्ड लिटनला तारेने कळवले की काबूलमधल्या हालचालींबद्दल रशियाला विचारले आहे, त्याचे उत्तर येईपर्यंत तिथे शिष्टमंडळ धाडू नका. लिटनने जनरल चेंबरलेनच्या हाताखालचे शिष्टमंडळ तरीही धाडले. २१ सप्टेंबरला अलीमशिदीच्या ठाण्यावर अफगाणांनी ते अडवले आणि बरोबर दोन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले.