झाशीतील मंडळ्या आणि नागपूरचा मिलाप

झाशीचे नाव निघाले की मराठी मन १८५७ च्या रणांगणाकडे धावते. नेवाळकरांच्या त्या नगरीत पुढे आणखी एक इतिहास घडला. तो शांत, म्हणूनच अपरिचित राहिला. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात झाशी शहर इंग्रजांकडे आले. छावणीत अँग्लिकन पंथाची उपासना चाले, तर शहरात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनी मंडळी उभी केली. एकांचा कारभार बिशपांच्या हाती, दुसऱ्यांचा निवडलेल्या वडिलांच्या सभेकडे. हा तंटा मुळात इंग्लंड-स्कॉटलंडचा. बुंदेलखंडातील श्रद्धाळूने तो का वाहावा?

१९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. १९२९ पासून व्यापक ऐक्याची बोलणी सुरू झाली. बाप्तिस्मा अर्भकाला द्यावा की जाणत्या श्रद्धाळूलाच, हा मोठा पेच होता. एक पद्धत खोटी ठरविली असती, तर कित्येकांचा बाप्तिस्माच व्यर्थ ठरता. अखेर दोन्ही मान्य झाल्या. बिशपही राहिले, वडीलही राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांतून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्मास आले. वाटाघाटीत असलेली एक मोठी मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली.

नव्या मंडळीच्या चिन्हात क्रूस, कमळ आणि प्रभुभोजनाचा प्याला आहे. क्रूस साऱ्यांचा, कमळ या मातीचे. आणि प्याला? एकाच पंगतीला बसण्यासाठी आधी एकमेकांचा बाप्तिस्मा खरा मानावा लागतो, याची ती खूण होय.