टकळीपासून जीवनशाळेपर्यंत

महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या गांवीं जाण्याचा प्रसंग आला, तर तेथील प्राथमिक शाळेची पाटी अवश्य वाचावी. पुष्कळ ठिकाणीं तिच्यावर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशीं अक्षरें आढळतात. रंग उडालेला असतो, आणि हें नांव कोठून आलें असें विचारल्यास गांवकरी एकमेकांकडे पाहूं लागतात. त्या नांवामागें मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा सातपुड्याच्या दऱ्या ओलांडून थेट नर्मदेच्या कांठापर्यंत गेला आहे. आज नंदुरबार जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखांत माझी सारी नोकरी झाली. मी मॅट्रिकपलीकडे फारसा शिकलेला नाहीं. तेव्हां शिक्षणशास्त्राची मोठी मीमांसा माझ्याकडून अपेक्षूं नये. जें पाहिलें आणि वाचलें तेंच सांगणार आहें.

सन १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं एक शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि सर्व विषयांच्या मध्यभागीं एखादा हातांनीं करावयाचा उद्योग, असा तिचा आशय होता. योजनेचा तपशील ठरविण्यासाठीं डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. वरवर पाहणाऱ्यास ही सूत कातण्याची शाळा वाटली. परंतु कल्पना निराळी होती. एक गुंडी म्हणजे ६४० तार, आणि एक तार म्हणजे चार फूट. एवढ्या दोन वाक्यांतून चांगला शिक्षक गुणाकार, भागाकार व लांबीचें कोष्टक शिकवूं शकतो. कापूस कोणत्या जमिनींत येतो येथून भूगोल निघतो, आणि गिरण्या कोणी काढल्या येथून इतिहास.

हा विचार केवळ आपल्याकडेच सुचला असें मात्र नव्हे. शिकागो येथें १८९६ सालीं जॉन ड्यूई यांनीं काढलेल्या शाळेंत मुलांच्या हातीं लोकर आणि कापसाचीं बोंडें देत असत. अर्धा तास खपूनहि एका मुलास सरकींतून सुटा केलेला कापूस एक औंसहि मिळाला नाहीं! तेव्हां पूर्वजांनीं सुताआधीं लोकर कां वापरली, हें त्या वर्गास पुस्तक न उघडतां कळलें. खानदेशांतल्या मुलास हें सांगावें लागत नाहीं. सरकी त्याच्या नखांत असते.

वर्ध्याच्या योजनेवर आक्षेपहि लगेच आले. मुलांनीं केलेल्या मालाच्या विक्रींतून शाळेचा खर्च निघावा ही त्यांतील अपेक्षा अनेकांस खटकली. प्राध्यापक के. टी. शहा यांनीं परिषदेंतच विरोध केला. खुद्द झाकिर हुसेन समितीनेंहि, पैशाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाचा हेतु मागें पडण्याचा धोका आहे, असा इशारा देऊन ठेवला होता. पुढें १९३८ सालीं मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळानें बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालीं या योजनेचा विचार करविला. खेर त्या वेळीं मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते.

मी शाळेंत शिकलों तो काळ १९६०-७० चा. टकळी आम्हांसहि होती. पेळू घरून आणावयाचा, सूत कातावयाचें, तें गुरुजींच्या पेटींत पडावयाचें, आणि पुढें त्याचें काय झालें तें आम्हांस कधींहि कळलें नाहीं. गुणाकाराचा तास निराळा आणि टकळीचा निराळा. जो सांधा जोडण्यासाठीं एवढा खटाटोप झाला, तोच नेमका तुटलेला होता. कोठारी आयोगानें १९६६ सालीं कार्यानुभव व समाजसेवा यांची शिफारस केली. १९७७ सालीं ईश्वरभाई पटेल समितीनें त्यास ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असें लांबलचक नांव दिलें. नांवें बदलत गेलीं, रजिस्टरें जाड होत गेलीं.

खानदेशांत याच गोष्टीचें दुसरेंहि एक रूप होऊन गेलें होतें, आणि त्यास कोणत्याहि समितीचा आधार नव्हता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० या काळांत साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक हातानें लिहून काढीत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत. मुलांना सेवा शिकवावयाची तर झाडू प्रथम शिक्षकाच्या हातीं हवा, एवढी साधी गोष्ट आमच्या रजिस्टरांत कोठेंच नव्हती.

आतां माझी एक चूक सांगतों. १९८० नंतरच्या वर्षांत माझी बदली सातपुड्यांतील एका पाड्यावर झाली. वर्ग चौथीपर्यंत. मुलें पावरी बोलत, मी मराठी. पाणी दूर खालीं झऱ्यावर. दोन मुली रोज सकाळीं माझ्या खोलीवर दोन हंडे आणून ठेवीत, आणि महिन्याच्या अखेरीस मी कार्यानुभवाच्या वहींत त्यांच्या नांवापुढें ‘समाजसेवा’ असें लिहीत असें. त्यांत कांहीं वावगें आहे हें माझ्या मनांतहि आलें नाहीं! एके दिवशीं त्यांपैकीं एकीचा बाप दारांत येऊन उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, पाणी तर ती घरींपण भरते. त्याच्यासाठीं शाळा कशाला?” रागानें नव्हे, खरोखरच समजून घेण्यासाठीं त्यानें विचारलें होतें. त्या मुली हंडे घेऊन परत येत तोंवर माझा गणिताचा तास संपलेला असे.

याच डोंगरांत थोड्याच वर्षांनीं त्या बापाच्या प्रश्नाचें एक उत्तर लोकांनींच शोधलें. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील ३३ गांवें येणार होतीं, सारीं अक्राणी व अक्कलकुवा या दोन तालुक्यांतलीं. गांवांत सरकारी शाळा कागदावर आहे, गुरुजी मात्र दिसत नाहींत, अशी तेथील लोकांची तक्रार होती. नर्मदा बचाव आंदोलनाच्या आधारानें १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथें पहिल्या जीवनशाळा निघाल्या. घर बांधण्यास लांकूड व श्रम गांवाचे, शिकविणारे तरुण बहुधा त्याच समाजांतले, पहिलें वाचन पावरींत किंवा भिलोरींत, आणि मग मराठी. रानांतील झाडें, त्यांचे उपयोग, गांवच्या कथा, शेतीचीं कामें हा अभ्यासाचाच भाग. श्रम येथेंहि मुलें करीत, परंतु तो स्वतःच्या शाळेसाठीं आणि स्वतःच्या भाषेंत समजावून दिलेला. धरणाच्या प्रश्नावर श्रोत्यांचीं मतें भिन्न असतील. माझें मत येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पाणी चढत गेलें तशा त्यांतल्या कांहीं शाळा मोडून उंचावर पुन्हां उभ्या कराव्या लागल्या, एवढें नमूद करतों. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हां या शाळांतून मुलें चौथी पास होऊन बाहेर पडत होतीं.

वर्ध्याच्या कागदावर मातृभाषा, उद्योग व परिसर हे तीन शब्द शेजारीं शेजारीं होते. आमच्या शाळांनीं उद्योग घेतला, परंतु सातपुड्यांत तरी मातृभाषा सोडून दिली. मोहाचीं फुलें पडूं लागलीं कीं माझा वर्ग निम्मा रिकामा होई आणि मी गैरहजेरी मांडी. किती पायली फुलें वेंचलीं, वाळून किती राहिलीं, व्यापाऱ्यानें काय भाव दिला, हें गणित फळ्यावर घेण्यास मला कोणी मना केलें नव्हतें. पण त्यासाठीं मला त्यांचे आंकडे त्यांच्या बोलींत यावयास हवे होते. ते शिकण्यास मला चार वर्षें लागलीं.

त्या सकाळनंतर माझें पाणी मी स्वतः आणूं लागलों. पाड्यावर हंसें झालें. पुरुषमाणूस हंडा घेऊन चढण चढतो हें तेथें कोणीं पाहिलें नव्हतें. दोन्ही मुली गणिताच्या तासास बसूं लागल्या आणि चौथी पास झाल्या. पांचवीचा वर्ग गांवांत नव्हता. एकीच्या मामानें तिला दूरच्या आश्रमशाळेंत पोहोंचविलें. दुसरी, जिचा बाप माझ्या दारांत आला होता ती, घरींच राहिली. पुढें माझी बदली होईपर्यंत ती झऱ्यावर भेटे, आणि माझा हंडा भरून देऊं का असें पावरींत विचारी.