एक धडा पुरत नाही

मुलांच्या पुस्तकांचा अमेरिकन इतिहास वाचताना परळचा उल्लेख सापडला आणि मी थबकलो. हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाई. त्यांचे पती विल्यम बॅनरमन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होते. पुढे हाफकिन यांच्यानंतर ते परळच्या प्लेग प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. बाईंनी भारतात राहत असताना आपल्या मुलींसाठी एक चित्रकथा रचली आणि १८९९ साली ती लंडनमध्ये छापली गेली. तिचे नाव ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’. गोष्ट तशी गमतीची आहे. जंगलात वाघ एका मुलाचे नवे कपडे हिसकावून घेतात, मग आपापसांत भांडत झाडाभोवती इतक्या वेगाने धावतात की वितळून त्यांचे तूप होते. मूळ इंग्रजीतही शब्द ‘घी’ असाच आहे.

हे पुस्तक अमेरिकेत पोहोचले. हक्क लेखिकेच्या हातात उरले नव्हते, त्यामुळे ज्याला वाटेल त्याने ते छापले. नव्या चित्रकारांनी त्या मुलाला थेट अमेरिकेच्या दक्षिण भागात नेऊन बसवले. जाड ओठ, बटबटीत डोळे, अंगावर विदूषकाचे कपडे. ‘सॅम्बो’ हा शब्द तिथे कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी आधीपासूनच वापरात होता. तरीही कित्येक दशके हे पुस्तक शाळांत आणि वाचनालयांत मुलांचे लाडके म्हणून ठेवले जात होते. गोष्ट वाचून झाल्यावर मधल्या सुटीत वर्गातल्या एकदोन काळ्या मुलांना कोणते नाव पडत असेल, हे वेगळे सांगायला नको. इतिहासाचा तास संपला की ज्यांना ‘अफझलखान’ म्हणून हाक मारली गेली आहे, त्यांना तर नकोच नको.

आपल्याकडे पुस्तकांतल्या मुस्लिम प्रतिमेची चर्चा निघाली की ती पाठ्यपुस्तकाभोवतीच फिरते. कुठला धडा वगळला, कुठला घातला, कुणी निवेदन दिले. मी स्वतः अशा चर्चांत बसलो आहे, आणि त्या निरर्थक आहेत असे मला म्हणायचे नाही. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा अनुभव पाहिला तर त्यांनी ही लढाई दुसऱ्याच जागी अधिक चिकाटीने लढलेली दिसते. ती जागा म्हणजे ग्रंथालयाची फळी.

सुरुवात ड्यू बॉइस यांच्यापासून करावी लागेल. ‘क्रायसिस’ या मासिकाचे ते संपादक. त्यात जमावाने केलेल्या हत्यांच्या बातम्या छापाव्या लागत, आणि घरातली लहान मुले त्या वाचत. ही मुले आपल्या माणसांविषयी फक्त मारले जाणे वाचणार असतील तर त्यांच्या मनात द्वेषाशिवाय काय उगवेल, ही त्यांची चिंता होती. म्हणून जानेवारी १९२० मध्ये त्यांनी जेसी फॉसेट आणि ऑगस्टस डिल यांच्या साथीने ‘ब्राउनीज बुक’ हे मुलांचे मासिक काढले. किंमत १५ सेंट. त्यात परीकथा होत्या, खेळ होते, थोरांची चरित्रे होती, शाळेतून उत्तीर्ण झालेल्या कृष्णवर्णीय मुलामुलींची छायाचित्रे होती. लँग्स्टन ह्यूज हा विशीही न गाठलेला मुलगा त्यात लिहू लागला. तो पुढे केवढा कवी झाला हे आपण जाणतो. पण मासिक २४ अंकांनंतर, डिसेंबर १९२१ मध्ये, बंद पडले. वर्गणीदार पुरले नाहीत. चळवळीतल्या मासिकांची गोष्ट सगळ्या भाषांत सारखीच असावी.

मासिक बंद पडले की विषय संपतो. ग्रंथालयाचे तसे नसते. १९३७ साली ऑगस्टा बेकर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या १३५व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. (याच शाखेत १९२१ पासून पुरा बेलप्रे या पोर्तो रिकोहून आलेल्या तरुणीने काम सुरू केले होते. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ती मुलांना सांगत असे, आणि त्या छापील पुस्तकांत नाहीत हे लक्षात आल्यावर स्वतः लिहू लागली.) बेकर यांनी फळीवरची पुस्तके चाळली. काळी माणसे होती, पण ती नोकर, आळशी, खुळी, तोडकेमोडके बोलणारी. हार्लेमची मुले रोज तिथे येत होती आणि ही पुस्तके घरी नेत होती.

बेकर यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी यादी करायला घेतली. प्रत्येक पुस्तकाला त्यांचे तीन प्रश्न असत: चित्रे कशी आहेत, पात्रांच्या तोंडची भाषा कशी आहे, आणि एकूण आशय काय सांगतो. या चाळणीतून उरलेल्या पुस्तकांचा त्यांनी १९३९ मध्ये स्वतंत्र संग्रह केला आणि त्याला जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे नाव दिले. पुढे १९४६ पासून ही यादी छापून निघू लागली. शिक्षक तिचा वापर करू लागले, दुसऱ्या गावांतले ग्रंथपाल मागवू लागले. बेकर प्रकाशकांना आणि संपादकांना भेटून सांगू लागल्या की अमुक प्रकारचे पुस्तक नाही, ते काढा. मला या साऱ्या इतिहासात ही बाई सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्रार करणाऱ्याला प्रकाशक विसरतो. यादी करणारा, म्हणजेच पुस्तके विकत घेणारा, त्याला विसरता येत नाही.

अर्थात विकत घेणारे दुसऱ्या बाजूलाही होते. १९५८ साली गार्थ विल्यम्स यांचे ‘द रॅबिट्स वेडिंग’ आले. दोन सशांचे लग्न, एवढीच गोष्ट. एक ससा पांढरा, दुसरा काळा. अलाबामाच्या एका सिनेटरला त्यात आंतरवर्णीय विवाहाचा प्रचार दिसला. राज्याच्या ग्रंथपाल एमिली रीड यांच्यावर दबाव आला. त्यांनी पुस्तक उघड्या फळीवरून राखीव फळीवर नेले, पण मागणाऱ्या ग्रंथालयांना ते देणे थांबवले नाही. सशांवरून एवढे रामायण! दक्षिणेतला खप बुडेल या भीतीने प्रकाशक का कचरत होते, हे यावरून कळते.

मग १९६५ उजाडले. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि माझ्या मते त्या एकत्र वाचायला हव्यात. ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणीच्या शाळेजवळ, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून, शालेय शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात शाळांच्या ग्रंथालयांसाठी १० कोटी डॉलरची तरतूद होती. तोवर अमेरिकेतल्या बहुसंख्य प्राथमिक शाळांत ग्रंथालयच नव्हते. आणि सप्टेंबरमध्ये नॅन्सी लॅरिक यांचा लेख ‘सॅटरडे रिव्ह्यू’त आला. पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीने पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात असे विचारले होते, तिथून लेख सुरू होतो. लॅरिक यांनी प्रकाशकांना विचारून १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके तपासली होती. मजकुरात किंवा चित्रात एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके भरली ३४९, म्हणजे ६.७ टक्के. त्यातलीही निम्म्याहून अधिक परदेशातली किंवा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळातली. आजच्या अमेरिकेतला काळा माणूस दाखवणारी पुस्तके शेकडा एकसुद्धा नव्हती.

लेखाने लाज आणली आणि कायद्याने गिऱ्हाईक आणले. नुसत्या लाजेने प्रकाशक बदलले असते असे मला वाटत नाही. शाळांकडे पैसा आला, शहरांतल्या शाळांत काळी मुले होती, ग्रंथपालांकडे याद्या तयार होत्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका परिषदेने नव्या लेखकांसाठी स्पर्धा सुरू केली. वॉल्टर डीन मायर्स आणि मिल्ड्रेड टेलर हे दोघेही त्या स्पर्धेतून पुढे आले. टेलर यांना १९७७ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे झाले असते. पण रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने १९६५ ते १९७९ या काळातल्या, काळी मुले असलेल्या १५० कथा-कादंबऱ्या वाचून काढल्या आणि १९८२ मध्ये एक अडचणीची गोष्ट मांडली. यातली काही पुस्तके काळ्या मुलांविषयी होती, पण काळ्या मुलांसाठी नव्हती. गोऱ्या मुलाच्या मनात सहानुभूती निर्माण व्हावी म्हणून ती लिहिली होती. काळे पात्र तिथे सोसायला, समजूतदारपणा दाखवायला आणि गोऱ्या मित्राला शहाणे करायला येते. पुढे १९९० मध्ये बिशप यांनीच आरसा आणि खिडकी ही उपमा रूढ केली: मुलाला पुस्तकात स्वतःला पाहता यावे आणि दुसऱ्याचे घरही.

हे वाचताना मला आपल्या पुस्तकांतला ईदचा धडा आठवतो. शिरखुर्मा, गळाभेट, शेजारचा हिंदू मित्र. धडा वाईट नाही, पण तो मला उद्देशून कधीच नव्हता. मला ईद म्हणजे काय हे माहीत होते. हिंदीत प्रेमचंदांचा हमीद भेटला (‘ईदगाह’, १९३३) तेव्हा फरक कळला. जत्रेत खिसा रिकामा असलेला, मित्रांशी हुज्जत घालणारा, आजीच्या भाजणाऱ्या बोटांसाठी चिमटा विकत घेणारा मुलगा. तो मुसलमान असल्याचे कुणाला समजावून सांगत बसत नाही.

आणि हमीद एकटा तरी किती भार वाहणार? पाठ्यपुस्तकात जागा एका धड्याची. त्या एका धड्यातला मुसलमान आपोआप सगळ्या मुसलमानांचा प्रतिनिधी होतो, म्हणून त्याला चांगलेच वागावे लागते. ग्रंथालयात ही सक्ती नाही. तिथे एक हमीद हुशार, एक आयेशा चिडकी, एक सलीम अभ्यासात ढ पण पोहण्यात पटाईत, असे शेजारी शेजारी राहू शकतात. मोठ्यांच्या मराठी साहित्यात हा विस्तार आहे: श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’पासून हमीद दलवाईंच्या कोकणातल्या ‘इंधन’पर्यंत, आणि १९९० च्या सोलापूरच्या संमेलनानंतर लिहित्या झालेल्या कितीतरी हातांपर्यंत. आठ-दहा वर्षांच्या मुलाने हातात घ्यावे असे त्यात फार थोडे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. म्हणजे कपाट कायद्याने आले आहे. मी जिथे जिथे शाळांत जातो तिथे ते उघडायला सांगतो. कधी किल्ली सापडते. आतल्या पुस्तकांना मी बेकर यांचे तीन प्रश्न लावून पाहतो, आणि चौथा बिशप यांचा: हे कुणासाठी लिहिले आहे?

मुस्लिम घरातले मूल सहज वावरते अशा मराठी बालपुस्तकांची एक यादी मी करायला घेतली आहे. अनुवादही धरले आहेत, उर्दूतून आलेले आणि इंग्रजीतून आलेलेही. पहिले पान अजून भरलेले नाही. तुमच्या पाहण्यात असे एखादे पुस्तक असेल, जुने, फाटलेले, आता न मिळणारे असले तरी, नाव आणि प्रकाशक कळवा.