बोर्डावरचे नाव आणि वहीतले नाव

२००९ च्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा जखडला. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी तेव्हा गुणवत्ता विभागात होतो. वरच्या फळीवरची बाटली काढायला हात उचलला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. कोणीतरी सांगितले म्हणून बोईसरमधल्या एका केंद्रात गेलो. पांढरा कोट घातलेल्या तरुणाने शेक दिला, मशीन लावले आणि तिसऱ्या दिवशी ‘थोडं सहन करा दादा’ म्हणत हात जोर लावून वर ओढला. त्या रात्री मी झोपलो नाही. आधी खांद्यापर्यंत जाणारा हात पुढे महिनाभर छातीपर्यंतही जाईना.

शेवटी मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात गेलो. तिथल्या मुलीने हाताला लगेच हात लावला नाही. ‘तुम्हाला साखर आहे का?’ असे आधी विचारले. होती. मधुमेह असलेल्यांचा खांदा असा जखडण्याचे प्रमाण जास्त असते, हे मला त्या दिवशी कळले. मग तिने कोन मोजायची पट्टी सांध्यावर ठेवली, हात किती अंशांपर्यंत जातो ते पाहिले आणि कागदावर लिहून ठेवले. पुढच्या खेपेला पुन्हा मोजले, पुन्हा लिहिले. खांदा सुटायला आठ महिने लागले. पूर्ण सुटला असे आजही म्हणता येणार नाही.

आमच्या कारखान्यात आलेल्या प्रत्येक पिंपाला चिठ्ठी असते आणि त्या चिठ्ठीमागे कागद असतो. नमुना कोणी घेतला, कोणत्या उपकरणावर तपासला, ते उपकरण शेवटचे कधी पडताळले, सगळे त्यात सापडते. मग माणसाच्या सांध्याला हात लावणाऱ्याच्या पांढऱ्या कोटामागे कोणता कागद असतो? या एका प्रश्नापायी गेली कित्येक वर्षे साप्ताहिक सुटीला मी ग्रंथालयांतून जुने अधिनियम आणि राजपत्रे चाळत आलो. माझे शिक्षण रसायनशास्त्राच्या पदवीपुरते. कायदा आणि वैद्यक दोन्ही मी वाचून शिकलो, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आधी शब्दाबद्दल. शरीराच्या हालचालीचे शास्त्र म्हणजे कायनेसिऑलॉजी. आपल्याकडे त्याला गतिशास्त्र म्हणतात. त्याचे मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची राजमान्य संस्था काढली. त्याचा शिष्य ऑगस्ट जॉर्जी याने १८४७ मध्ये हालचालीने उपचार करण्याच्या पद्धतीवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले. १८८७ मध्ये स्वीडनच्या आरोग्य मंडळाने अशा उपचारकांची अधिकृत नोंद सुरू केली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात आज ‘कायनेसिऑलॉजिस्ट’ हा स्वतंत्र नोंदणीकृत व्यवसाय आहे. आपल्याकडे तो नाही. गतिशास्त्र हा इथे फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमातला एक विषय आहे आणि शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थीही तो शिकतात. हालचाल बिघडलेला रुग्ण मात्र जातो तो फिजिओथेरपिस्टकडे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. तेव्हा इथल्या नियमनाचा इतिहास म्हणजे या दोन व्यवसायांचा इतिहास.

इंग्लंडमध्ये या व्यवसायाला शिस्त लागली ती बदनामीतून. १८९४ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनमधल्या मालिशगृहांच्या आड चालणाऱ्या अनैतिक धंद्याबद्दल इशारा दिला. प्रामाणिकपणे मालिश करणाऱ्या परिचारिकांचे नावही त्यात खराब होऊ लागले. तेव्हा चार स्त्रियांनी त्याच वर्षी शिक्षित मालिशकार स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा ठेवली आणि वागणुकीचे नियम घातले. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय रुग्ण घ्यायचा नाही, सर्वसाधारण वर्तमानपत्रांत जाहिरात करायची नाही, असे ते नियम होते. १९२० मध्ये या संस्थेला राजसनद मिळाली. सरकारी नोंदणीचा कायदा झाला तो १९६० मध्ये. म्हणजे व्यवसायाने स्वतःला नियम लावून घेतल्यानंतर राज्याची मोहोर उमटायला तिथेही सहासष्ट वर्षे गेली.

आता आपल्याकडे येऊ. डॉक्टरांच्या नोंदणीचा हिंदुस्थानातला पहिला प्रांतिक कायदा मुंबई इलाख्याचा. तो १९१२ चा. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच नावे त्या वहीत चढली. वैद्य आणि हकीम बाहेर राहिले. त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एकापाठोपाठ एक केंद्रीय कायदे आले. परिचारिकांचा १९४७ मध्ये, दंतवैद्यांचा आणि औषधनिर्मात्यांचा १९४८ मध्ये. सुई टोचणारा, दात काढणारा, गोळ्या देणारा अशा प्रत्येकाची वही झाली. लुळा पाय चालता करणाऱ्याची वही मात्र झाली नाही, कारण तेव्हा असा माणूस इथे जवळपास तयारच होत नव्हता.

तो तयार होऊ लागला पोलिओमुळे. आजारातून मूल वाचायचे, पण पाय जायचा. अशा मुलांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मुंबईच्या रुग्णालयांपुढे उभा राहिला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू झाले. त्यामागे होत्या कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि हे शास्त्र अमेरिकेत शिकून त्यांनी ते मुंबईत रुजवले. त्यानंतर दोनेक वर्षांत त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे विद्यालयही उघडले. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

निंबकरांच्या कामातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कायद्याची वाट त्यांनी पाहिली नाही. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. विद्यार्थी किती तास शिकला, कोणत्या वॉर्डात किती काम केले, याची मोजपट्टी त्यामुळे पहिल्यापासून जागतिक दर्जाशी जोडली गेली. फिजिओथेरपिस्टांची संघटना १९५५ मध्ये झाली. मात्र संघटनेचे नियम संघटनेच्या सभासदाला लागू होतात. जो सभासदच नाही, त्याला कोण विचारणार?

त्याला विचारणारा कायदा महाराष्ट्रात व्हायला निम्मे शतक गेले. दिल्लीने १९९७ मध्ये आपला कायदा केला. आपल्या ‘ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी राज्य परिषद अधिनियमा’च्या नावात २००२ आहे, पण महाराष्ट्राच्या अधिनियमांत त्याचा क्रमांक लागतो तो २००४ चा दुसरा. या कायद्याने परिषद आली, मान्य अर्हता आल्या, नोंदवही आली आणि गैरवर्तनाबद्दल वहीतून नाव कमी करण्याचा अधिकार आला.

इतका उशीर का? माझ्या मते त्याची दोन कारणे. पहिले असे की, डॉक्टरच्या चिठ्ठीवर काम करणारा तो साहाय्यक, त्याची जबाबदारी डॉक्टरच्या नोंदणीत आलीच, अशी समजूत होती. मोठ्या रुग्णालयाच्या भिंतीआड हे खरेही असेल. नाक्यावरच्या गाळ्यात स्वतंत्र केंद्र निघाल्यावर ते खरे राहिले नाही. दुसरे कारण केंद्र आणि राज्य यांच्यातली टोलवाटोलवी. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यात वाचा आणि श्रवण तज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे आले. फिजिओथेरपीसाठी केंद्रीय परिषदेचे विधेयक २००७ मध्ये लोकसभेत आले आणि तसेच बारगळले. देशभराचा कायदा झाला तो २०२१ मध्ये. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग, राज्यांत परिषदा आणि एक केंद्रीय नोंदवही अशी त्याची मांडणी आहे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला पदवीचे किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. तरीही राज्य परिषदा नेमायला चालढकल झालीच, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

२०२५ च्या सप्टेंबरात या विषयाची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, ती फिजिओथेरपिस्टने नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही यावर. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. व्यवसायाच्या मानाचा प्रश्न क्षुल्लक नाही. पण खांदा दुखणाऱ्या माणसाला या वादातून काही मिळाले नाही. त्याची अडचण नावाच्या आधी काय लागते ही नसते. ते नाव वहीत आहे का, आणि वहीतल्या त्या माणसाचे काम कसे आहे, ही असते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. आठ तालुके, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. बोईसर-तारापूरला पिंपे ढकलणारे, बारा तास यंत्रापुढे उभे राहणारे कामगार. सातपाटीला जाळे ओढून खांदे गेलेले मच्छीमार. डहाणूला चिकूच्या वाडीत झाडावरून पडलेले मजूर. मनोरजवळच्या महामार्गावर अपघातात सापडलेली तरुण मुले. आणि जव्हार-मोखाड्याकडे अजूनही हाड मोडले की आधी हाडवैद्य. पोलिओ गेला. देश त्यातून मुक्त झाल्याचे २०१४ मध्ये जाहीरही झाले. त्याची जागा कंबर, गुडघा, अर्धांगवायू आणि अपघात यांनी घेतली. म्हणजे गरज वाढली, आणि मुंबईला जाणारी गाडी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी जवळचे केंद्र हेच रुग्णालय झाले.

हाडवैद्याबद्दल मला सरसकट वाईट लिहायचे नाही. वाटेत दोन नद्या आणि एक घाट असताना ज्याने बांबूच्या कांबी बांधून हात सरळ ठेवला, त्याला १९१२ च्या किंवा २००४ च्या वहीने बेकायदा ठरवून काय साधले? त्याचा दरवाजा बंद करताना दुसरा उघडायला हवा होता. मात्र बोईसरच्या केंद्रातल्या त्या तरुणाचे तसे नव्हते. २००९ मध्ये राज्याचा कायदा होऊन पाच वर्षे झाली होती. खांदा बरा झाल्यावर मी त्याला जाऊन भेटलो. भांडायला गेलो होतो खरा, पण भांडलो नाही. तो आमच्याच तालुक्यातला, सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स केलेला, दुसऱ्याच्या केंद्रात पगारावर राबणारा मुलगा होता. नोंदणी क्रमांक विचारल्यावर म्हणाला, ‘दादा, आजपर्यंत कोणी विचारलाच नाही.’ त्याने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. मीही पहिल्या दिवशी विचारला नव्हता.

केंद्रांवर देखरेख करणारा कायदाही इथे विरळ आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपला कायदा १९४९ चा. रुग्णांना दाखल करून घेणारी जागा त्याच्या डोळ्यापुढे आहे. खाटा नसलेले शेक-व्यायामाचे केंद्र त्यात बसत नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.

आणि समजा नाव वहीत असले, तरी माझा दुसरा प्रश्न उरतोच. कारखान्यात माल आत घेताना तपासतात, पण तेवढ्यावर कोणी थांबत नाही. तयार होताना, तयार झाल्यावर आणि पाठवून दिल्यावरही नमुना जपून ठेवून तपासतात. नोंदणी म्हणजे फक्त दारावरची तपासणी. पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेला माणूस आज कसे काम करतो, हे ती सांगत नाही. ऑन्टारिओमध्ये कायनेसिऑलॉजिस्टांसाठी २००७ चा कायदा १ एप्रिल २०१३ पासून अमलात आला. त्यात गुणवत्ता हमीचा कार्यक्रम बंधनकारक आहे. व्यावसायिकाने स्वतःच्या कामाचे मूल्यमापन लिहून ठेवायचे, शिकायचे काय ते ठरवायचे, आणि निवड झाली तर त्याच व्यवसायातल्या दुसऱ्याने येऊन त्याचे काम आणि त्याच्या नोंदी तपासायच्या. चूक शोधून शिक्षा करण्यापेक्षा सुधारणा घडवणे हा त्यामागचा हेतू. आमच्या भाषेत सांगायचे तर पडताळणी उपकरणाची, खटला उपकरणावर नाही.

हे इथे लगेच होईल असे मी म्हणत नाही. वही पुरी व्हायलाच आपल्याला एवढी वर्षे लागली. पण दोन गोष्टी आजही होऊ शकतात. केंद्राच्या दर्शनी भिंतीवर नोंदणी क्रमांक लिहिलेला असावा आणि रुग्णाने तो विचारावा. दुसरी त्याहून सोपी. पहिल्या दिवशी सांधा किती हलतो ते मोजून रुग्णाच्या हातातल्या कागदावर लिहावे आणि दर आठवड्याला पुन्हा मोजून लिहावे. आकडा वाढत नसेल तर उपचार बदलायला हवा, हे शाळा न शिकलेल्या मजुरालाही त्या कागदावरून कळेल.

त्या मुलीने लिहिलेला माझा कागद मी जपून ठेवला आहे. पहिली नोंद ७० अंश, शेवटची १५०. तिचे नाव मला आठवत नाही, पण कागदाच्या तळाशी तिची सही आहे आणि सहीखाली नोंदणी क्रमांक.