ठिणगीचं कूळ

उडत्या माशीचा पंख फोटोत जागच्या जागी थांबलेला दिसला की श्रेय कॅमेऱ्याला जातं. खरं काम करते ती ठिणगी. शटर आधीच उघडं असतं, भोवती अंधार असतो आणि उजेड जितका वेळ टिकला तितकाच क्षण फोटोत येतो.

युक्ती जुनी आहे. 1851 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ‘द टाइम्स’चा कागद गरगरत्या चाकाला चिकटवला आणि लेडन जारमध्ये साठवलेल्या विजेची ठिणगी पाडली. फोटोत अक्षरं वाचता आली. पण असलं सामान रानात नेणार कोण?

रानात आधी पोचली ती मॅग्नेशियमची पूड. अमेरिकेत जॉर्ज शायरस रात्री होडीत बसून ती उडवत आणि हरणांचे फोटो घेत. 1906 मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने ते छापले. उजेड भरपूर, धूरही भरपूर. शिवाय पूड जळायला वेळ घेई, तेवढ्यात चपळ हालचाल पुसट होऊन जाई.

तोड निघाली ती मोटारींच्या प्रयोगशाळेत. एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन विजेच्या मोटारींचा अभ्यास करत होते. पाऱ्याच्या नळीची उघडझाप फेऱ्यांशी जुळली की फिरता भाग थांबल्यासारखा दिसे. त्यातून 1931 मध्ये त्यांचा स्ट्रोबोस्कोप आला: कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि वायूच्या नळीतून एका दमात सोडायची. सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारणारा हमिंगबर्डही त्या उजेडात थांबला. 1947 मध्ये ते फोटो ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आले. एजर्टन स्वतःला कलावंत नव्हे, इंजिनिअर म्हणवत. फोटो बघून हे पटत नाही.

कीटकांचा हिशेब आणखी कडक. घरमाशी सेकंदाला सुमारे 200 वेळा पंख मारते. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातही पंख फेरीचा पाचवा हिस्सा कापतो. इंग्लंडच्या स्टीफन डाल्टन यांनी रॉन पर्किन्स या इंजिनिअरच्या मदतीने सेकंदाच्या 25,000व्या भागाइतका फ्लॅश जुळवला. कीटकाने प्रकाशाचा किरण तोडला की फोटो निघायचा. नेहमीचं शटर उघडेपर्यंत कीटक पसार होई, म्हणून वेगळं शटरही बनवून घेतलं. ‘बॉर्न ऑन द विंड’ हे त्यांचं पुस्तक 1975 चं. मात्र यातले कित्येक कीटक मोकळ्या रानात नव्हे, मुद्दाम बांधलेल्या बोगद्यातून उडत होते. त्यांना ‘वन्यजीवनाचे फोटो’ म्हणताना जीभ जरा अडखळते.

आता बाजारातला साधा फ्लॅशही ताकद अगदी कमी केली की इतकाच क्षणिक होतो. उजेड मात्र त्याच प्रमाणात घटतो, म्हणून तीन-चार दिवे फुलाला अगदी खेटून लावावे लागतात.