आडनाव न्यूक्लिइक

वाईकर आडनावाच्या माणसानं वाई पाहिलेली असतेच असं नाही. पणजोबा कधीतरी पोट भरायला मुंबईत आले, गाव सुटलं, 'कर' तेवढा मागे चिकटून राहिला. डीएनएचंही तसंच झालं. त्याचं पूर्ण नाव डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक आम्ल. पहिला भाग नाव, 'न्यूक्लिइक' हे आडनाव. या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहायला घेतला, तर पहिल्याच पानावर पू, विष्ठा आणि डिंक येतात.

आधी आडनाव. ऑर्किडच्या पेशी न्याहाळताना रॉबर्ट ब्राउन यांना प्रत्येकीत एक गोळा दिसला. 1831 मध्ये त्यांनी त्याला न्यूक्लियस म्हटलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कवचातला गर. बदाम फोडल्यावर हाती येतो तो. मराठीत त्याचं केंद्रक झालं आणि खाण्याचा संबंध संपला.

हा गर कशाचा बनलेला आहे, हे पाहायला निघाला तो फ्रीडरिख मीशर. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा, डॉक्टरांच्या घरातला. लहानपणीच्या विषमज्वरानं ऐकू कमी येई, त्यामुळे रोगी तपासण्यापेक्षा प्रयोगशाळा त्याला बरी वाटली. 1868 मध्ये तो जर्मनीत ट्यूबिंगनला हॉपे-झायलर यांच्याकडे गेला. प्रयोगशाळा गावावरच्या किल्ल्यात होती आणि मीशरच्या वाट्याला आलेली खोली म्हणजे किल्ल्याचा जुना मुदपाकखाना.

जवळच्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातून त्याच्याकडे वापरलेल्या पट्ट्या येत. जंतुनाशकं अजून रुळायची होती, तेव्हा पुवाला तोटा नव्हता. पू म्हणजे मुख्यतः पांढऱ्या पेशी, आणि त्यांत केंद्रक चांगलं ठसठशीत. घाण वास मारणाऱ्या पट्ट्या तो टाकून द्यायचा, ताज्या तेवढ्या सोडियम सल्फेटच्या पाण्यात धुवायचा. पेशी तळाशी बसल्या की डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिननं त्यांतली प्रथिनं पचवायची. उरलेला पांढरट साका आम्लात खाली बसे, अल्कलीत विरघळे. त्यात फॉस्फरस भरपूर होता आणि प्रथिनांत सहसा असणारं गंधक मात्र नव्हतं. म्हणजे हे प्रथिन नव्हतंच. 1869 साल, मीशर पंचविशीत. गरातून निघालं म्हणून त्यानं नाव ठेवलं न्यूक्लीन. हॉपे-झायलर यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः सगळं पुन्हा करून पाहिलं, आणि निबंध छापून यायला 1871 उजाडलं. गुरूचा राग येण्यासारखी गोष्ट, पण असा गुरू मिळायला भाग्य लागतं.

बाझलला परतल्यावर त्यानं पू सोडून ऱ्हाइन नदीतले सॅल्मन मासे धरले. त्यांच्या शुक्रपेशी म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रकच. पुढे 1889 मध्ये रिखार्ड आल्टमान यांनी न्यूक्लीनमधलं उरलंसुरलं प्रथिन वेगळं केलं आणि राहिलेल्या आम्लाला न्यूक्लिइक हे आडनाव लागलं.

आता घरातली माणसं. या आम्लाचे तुकडे करून आतली अक्षरं शोधण्याचं मोठं काम आल्ब्रेख्त कोसेल यांचं. 1910 चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांतलं ग्वानिन हे अक्षर आधीच माहीत होतं. पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचत. ग्वानो नावाचं ते खत युरोपात खपे आणि त्यातूनच ग्वानिन निघालं. (चंदेरी मासळीच्या अंगावरची चमकही याच ग्वानिनच्या स्फटिकांची.) ॲडेनिन 1885 मध्ये बैलाच्या स्वादुपिंडातून मिळालं, ग्रीक भाषेत 'ॲडेन' म्हणजे ग्रंथी. थायमिन वासराच्या थायमस ग्रंथीतून आलं. सायटोसिनच्या मुळाशी पोकळ भांड्याचा ग्रीक शब्द आहे, जो पुढे पेशीसाठी वापरात आला. डीएनएच्या शिडीत ॲडेनिन थायमिनशी जोडी जमवतं आणि ग्वानिन सायटोसिनशी. म्हणजे ग्रंथीकडचे दोघे एकत्र, आणि विष्ठेच्या नशिबी भांडं! नावं ठेवणाऱ्यांना या जोड्यांचा पत्ताही नव्हता.

शिडीचे दोन्ही दांडे साखर आणि फॉस्फेटचे. त्या साखरेच्या नावात रायबोज आहे, आणि त्याची व्युत्पत्ती म्हणजे निव्वळ खोडसाळपणा. बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या अरबी डिंकातून एक साखर मिळाली होती, अरॅबिनोज. तिचीच बहीण शोभेल अशी साखर एमिल फिशर यांनी 1891 मध्ये तयार केली आणि अरॅबिनोजचीच अक्षरं उलटसुलट करून तिचं नाव ठेवलं.

मग दोन घराण्यांचा घोळ. एक आम्ल वासराच्या थायमसमधून निघे, दुसरं यीस्टमधून; म्हणून एक प्राण्यांचं आणि दुसरं वनस्पतींचं असं बराच काळ धरून चाललं. फीबस लेव्हीन यांनी 1909 मध्ये यीस्टच्या आम्लात रायबोज ओळखली आणि तब्बल वीस वर्षांनी दुसऱ्यातली साखर. तिच्यात ऑक्सिजनचा एक अणू कमी, म्हणून डीऑक्सिरायबोज. फरक घराण्यांचा नव्हता, त्या एका अणूचा होता, आणि दोन्ही आम्लं जवळपास प्रत्येक पेशीत नांदतात. तो जादा ऑक्सिजन रायबोजच्या आम्लाला, म्हणजे आरएनएला, नाजूक करतो, लवकर तोडतो. निरोप्याला ते चालतं, दस्तऐवजाला चालत नाही.

आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल असतं, तेही उगीच नाही. सायटोसिन अधूनमधून आपोआप बिघडतं आणि त्याचं युरॅसिल होतं. डीएनएमध्ये युरॅसिल दिसलं की दुरुस्ती करणारी विकरं ते परकं म्हणून छाटतात. डीएनएनंही युरॅसिलच वापरलं असतं, तर खरं कोणतं आणि बिघडलेलं कोणतं, हे ओळखायची सोय राहिली नसती.

लेव्हीन यांना मात्र वाटे की चारही अक्षरं सारख्या प्रमाणात, एकाच क्रमानं पुन्हापुन्हा येतात. असल्या जपमाळेत आनुवंशिकतेचा मजकूर कसला असणार? त्यामुळे 1944 मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंचा गुण बदलणारं द्रव्य डीएनएच असल्याचं दाखवलं, तरी अनेकांना ते पचेना. 1953 मध्ये डीएनएची रचना दुहेरी गोफाची असल्याचं उलगडलं, ती गोष्ट सर्वांना पाठ आहे.

एव्हरींच्या त्या जिवाणूंना केंद्रक नसतंच. म्हणजे आडनाव वाईकर आणि घराण्यात कुणी कधी वाईला गेलेलंच नाही. आपल्या पेशींतही थोडा डीएनए केंद्रकाबाहेर, मायटोकाँड्रियात राहतो, आणि बहुतेक आरएनए बाहेरच कामावर असतो.

मीशर 1895 मध्ये क्षयानं दाव्होसला वारला. ट्यूबिंगनच्या किल्ल्यात आजही काचेची एक जुनी नळी जपून ठेवली आहे. आत सॅल्मनच्या शुक्रपेशींतून काढलेली पूड आहे, आणि बाहेरच्या चिठ्ठीवर लिहिलंय न्यूक्लीन.